घराचे माप: बेताने राहण्याची सवय कशी लावावी

चार प्रौढ माणसांच्या घरात मिठाची एक किलोची पिशवी निदान ५० दिवस पुरायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट भरलेल्या छोट्या चमच्याहूनही किंचित कमी, अशी मर्यादा सांगितली आहे. चौघांचे मिळून दिवसाला २० ग्रॅम होतात आणि त्या हिशेबाने एक किलो मीठ ५० दिवसांचे ठरते. आमच्या घरी मी हे पहिल्यांदा मोजले तेव्हा पिशवी ३१ व्या दिवशी संपली, आणि लोणची, पापड, फरसाण यांतून बाहेरून घरात येणारे मीठ तर त्यात धरलेलेच नव्हते. आमच्या घरात कोणीही खारट खाणारे म्हणून ओळखले जात नाही. आपण बेतानेच खातो, अशी प्रत्येकाची मनापासून समजूत होती आणि ती समजूत कोणी कधी तपासली नव्हती.

‘अति तेथे माती’ ही म्हण आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडते, परंतु अति नेमके कोठून सुरू होते हे ती म्हण सांगत नाही, आणि बहुतेक घरांत अडचण तेथेच असते. मनाला विचारून ही सीमा कळत नाही, कारण जे रोज घडते ते मनाला बेताचेच वाटते. म्हणून संयमाची सुरुवात निग्रहापासून न करता मापापासून करावी, असे माझे अनुभवान्ती बनलेले मत आहे. पूर्वी कणगीतून धान्य काढताना चिपटे, मापटे, शेर, पायली ही मापे हाताशी असत आणि तांदूळ धुण्यापूर्वी घरातली माणसे मोजली जात. माणशी ठरलेल्या मुठी आणि वर एक मूठ आल्यागेल्यासाठी, असा तो हिशेब असे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात संयमाविषयी सांगताना आहार युक्तीच्या मापाने मोजून घ्यावा, बोलणे आणि चालणे मोजके असावे आणि झोपेलाही तिच्या वेळी मान द्यावा असे म्हटले आहे. त्यात उपाशी राहा किंवा जागत बसा असे कोठेही नाही.

पुढे जे सांगितले आहे ते सर्वसाधारण प्रकृतीच्या माणसांच्या घरासाठी आहे. घरात मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार असलेले कोणी असेल, किंवा गर्भवती स्त्री असेल, तर त्या व्यक्तीचे माप डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पहिला महिना केवळ मोजण्याचा

पहिल्या महिन्यात काहीही बदलू नये, केवळ नोंद करावी. मीठ, साखर, तेल आणि चहापूड यांची नवी पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख लिहावी आणि ती संपली की तीच तारीख दिनदर्शिकेच्या त्या दिवसाच्या चौकोनात उतरवावी. यासाठी वेगळी वही घालण्याची गरज नाही. दुधाचे खाडे जेथे लिहिले जातात तेथेच हेही लिहिले जाते आणि म्हणूनच ते विसरले जात नाही. गुळाची ढेप आणि मधाची बाटली यांवरही तारीख घालावी, कारण शरीराच्या दृष्टीने तीही साखरच आहे.

महिना संपल्यावर हिशेब करावा. साखरेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि शक्य झाल्यास ५ टक्क्यांच्याही खाली आणावी. २,००० कॅलरींचा आहार धरला तर ही मर्यादा अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. चौघांच्या घरात माणशी २५ ग्रॅम म्हणजे महिन्याला तीन किलो. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, परंतु बिस्किटे, सरबते, मिठाई, आइस्क्रीम यांतली साखर त्यातच धरायची असते, आणि ती धरली की घरातल्या डब्यासाठी त्यातली फारच थोडी उरते. तेलाचा हिशेब माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर असा ठेवावा. हे बैठे काम करणाऱ्यांचे माप आहे. दिवसभर शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या माणसाला अधिक ऊर्जा लागते आणि त्याच्या ताटाकडे कार्यालयात बसणाऱ्याच्या नजरेने पाहू नये.

या महिन्यात घरातल्या कोणालाही दोष देऊ नये, ही सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पिशवी लवकर संपली म्हणून स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीकडे बोट दाखवले की दुसऱ्या महिन्यापासून नोंदी थांबतात, किंवा खोट्या होतात. मीठ पिशवीतून पातेल्यात एकाच हाताने पडत असले तरी ते कमी पडले म्हणून कुरकुरणारी तोंडे अनेक असतात.

निग्रहाऐवजी चमचा बदलावा

दुसऱ्या महिन्यापासून बदल करावा, परंतु तो हळूहळू आणि भांड्यांच्या मार्गाने करावा. मिठाच्या डब्यातला मोठा चमचा काढून तेथे लहान चमचा ठेवावा. जेवणाच्या टेबलावरची मिठाची डबी उचलून ओट्यावर ठेवावी, म्हणजे ज्याला खरोखरच मीठ कमी वाटेल तो उठून घेईल आणि केवळ सवयीने हात पुढे करणारा तसाच जेवेल. लोणचे बरणीतून थेट पानात न घेता आठवड्याला लागेल तेवढेच लहान वाटीत काढून ठेवावे. भाजी-आमटीतले मीठ एकदम निम्मे केले तर घरात असंतोष होतो आणि चौथ्या दिवशी सारे पूर्ववत होते. दर पंधरवड्याला चिमूटभर कमी करत गेले तर जिभेला ते कळत नाही आणि काही आठवड्यांनी पूर्वीचे जेवणच खारट वाटू लागते. लिंबू, कोकम, ताजी कोथिंबीर, भाजलेल्या जिऱ्याची पूड यांनी चवीची उणीव पुष्कळशी भरून निघते. मात्र मीठ पूर्ण बंद करण्याच्या किंवा आयोडीनयुक्त मीठ टाकून देण्याच्या नादी लागू नये. शरीराला मीठही लागते आणि आयोडीनही लागते, आणि एका टोकावरून दुसऱ्या टोकाला उडी मारणे हाही तोल जाण्याचाच प्रकार आहे.

तेलासाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे महिन्याचे ठरलेले तेल चार सारख्या बाटल्यांत भरून ठेवणे आणि आठवड्याला एकच बाटली ओट्यावर काढणे. पाच लिटरच्या डब्यातून तेल थेट कढईत ओतताना हात सैल सुटतो, कारण डबा भरलेला दिसत असतो. लहान बाटलीची पातळी डोळ्यांसमोर खाली जाताना दिसली की फोडणी करणारा हात आपोआप आवरता होतो. बुधवारी भजी झाली तर शनिवारपर्यंत काय करायचे, हे त्या बाटलीकडे पाहूनच ठरते. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेल, साधारण १२० कॅलरींचे असते, एवढे एकच गणित लक्षात ठेवले तरी पुरे आहे.

चहाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे चहा मोजलाच जात नाही. सकाळी उठल्यावर एक, न्याहारीबरोबर एक, कार्यालयात दोन, संध्याकाळी एक आणि कोणाकडे गेले तर आणखी एक, असे सहा कप सहज होतात. एका छोट्या चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर असते. प्रत्येक कपात दोन चमचे धरले तर सहा कपांत ५० ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते आणि दिवसाची वरची मर्यादा एकट्या चहानेच गाठली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत कॅफीनची मर्यादा दिवसाला ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे आणि चहाच्या एका कपात ते ३० ते ६५ मिलिग्रॅम असते असे नमूद केले आहे. त्याच तत्त्वांत जेवणाच्या आधी आणि नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळण्याचा सल्ला आहे, कारण चहातील टॅनिन अन्नातल्या लोहाचे शोषण अडवते. तेव्हा चहा सोडण्याची प्रतिज्ञा न करता तीन गोष्टी कराव्यात: कप लहान घ्यावा, साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी करावी आणि जेवणाला लागून येणारा कप तासभर पुढे ढकलावा.

उपवासाचे ताट

बेताचा विचार आपल्या परंपरेत ज्या उपवासातून यायला हवा, तोच उपवास अनेक घरांत भरपेट खाण्याचा दिवस झाला आहे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असे म्हणून आपण ते मान्यही केलेले आहे. हे कसे घडते ते पदार्थांकडे पाहिले की कळते. साबुदाणा हा कसावा नावाच्या कंदाच्या पिष्टापासून तयार होतो आणि भारतात तो मुख्यतः तामिळनाडूतील सेलम परिसरात बनतो. त्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काहीच नसते आणि १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी असतात. शेंगदाण्यात प्रथिने चांगली असली तरी त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो. साठ ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचे कूट, एक मोठा चमचा तूप आणि थोडा बटाटा एवढे धरले तरी खिचडीच्या एका बशीत ५०० कॅलरींच्या आसपास भरतात. त्यावर तळलेले पापड, वेफर्स, संध्याकाळी साबुदाणे वडा आणि रात्री शिंगाड्याचा शिरा असा बेत झाला की रोजच्या वरण, भात, पोळी, भाजीच्या दिवसापेक्षा त्या दिवशी अधिक खाल्ले जाते, आणि भाजी-डाळ मात्र काहीच पोटात जात नाही.

साबुदाण्याचा कसावा, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातली असून गेल्या पाचेकशे वर्षांतच ती आपल्याकडे आली आहेत, याकडे मला मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. म्हणजे उपवासाचे आजचे ताट पुराणकाळापासून चालत आलेले नाही. ते आपल्याच पणज्या-खापरपणज्यांनी उपलब्ध जिनसांतून जमवलेले आहे, आणि म्हणून ते श्रद्धेला धक्का न लावता बदलता येते.

उपवास बेताने करायचा असेल तर आदल्या दिवशीच दोन गोष्टी ठरवाव्यात. पहिली म्हणजे फराळ किती वेळा करायचा, आणि दुसरी म्हणजे त्यांपैकी किती वेळा साबुदाणा घ्यायचा. दिवसभरात दोनदा फराळ आणि त्यांत साबुदाणा एकदाच, हे माप बहुतेकांना जमते. दुसऱ्या वेळी वरीचे तांदूळ आणि दाण्याची पातळ आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि काकडीची दह्यातली कोशिंबीर, किंवा उकडलेले रताळे आणि ताक घ्यावे. मधल्या वेळेला एखादे फळ आणि भरपूर पाणी असावे. खिचडी करताना साबुदाणा आणि कूट अंदाजाने न घेता वाटीने मोजून भिजवावे, कारण भिजलेला साबुदाणा उरला तर तो टाकवत नाही आणि संपवण्यासाठी खाल्ला जातो.

याच्या उलट टोकाला निर्जळी उपवास करणारे, किंवा चातुर्मासात आठवड्यातले तीन-तीन दिवस उपाशी राहणारे लोक असतात. निरोगी तरुण माणसाला एखादा दिवस ते सोसवते. परंतु मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्या व्यक्तीने न खाता औषध घेतले तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते, आणि उपवासासाठी परस्पर औषध बंद केले तर ती वाढू शकते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसांचा उपवास मोडायला लावण्याऐवजी त्यांना आधीच डॉक्टरांकडे न्यावे आणि उपवासाच्या दिवशी काय खायचे व औषध कसे घ्यायचे हे डॉक्टरांच्याच तोंडून त्यांना ऐकवावे. मुलांचे म्हणणे न ऐकणारी आजी डॉक्टरांचे पुष्कळदा ऐकते.

आग्रह आणि पानात टाकणे

घरात कितीही माप पाळले तरी बाहेर पंगतीला बसले की ते मोडते, आणि यात खाणाऱ्यापेक्षा वाढणाऱ्याचा भाग मोठा असतो. आपल्याकडे दोन चांगल्या रीती एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतात. पाहुण्याला आग्रह करावा ही पहिली रीत आणि पानात काही टाकू नये ही दुसरी. एकाने आग्रहाने वाढायचे आणि दुसऱ्याने अन्नाचा मान राखण्यासाठी ते संपवायचे, यात पोटाला कोणी विचारत नाही. माझे वडील मधुमेही होते आणि लग्नाच्या पंगतीत नको म्हणत असतानाही पानात पडलेली जिलबी ते टाकत नसत, कारण दुष्काळी वर्षे पाहिलेल्या माणसाला अन्न टाकणे जमत नाही. त्या जिलबीचा त्रास त्यांना दोन-तीन दिवस होत असे.

यजमानाने यासाठी एक साधा नियम करावा: प्रत्येक पदार्थ एकदा वाढावा, दुसऱ्यांदा विचारावा आणि पाहुणा नको म्हणाला की तेथे थांबावे. गोडाचे तुकडे लहान करावेत, म्हणजे ज्याला अधिक हवे तो आणखी मागून घेतो आणि ज्याला बेताने हवे त्याचीही चव घेऊन होते. आग्रह करायचाच असेल तर तो बसण्याचा, गप्पांचा आणि पुन्हा येण्याचा करावा. त्यात माया काही कमी होत नाही. पाहुण्याने वाढण्यापूर्वीच ‘अर्धीच वाढा’ असे स्पष्ट सांगावे, कारण पानात पडल्यानंतर बोलून उपयोग नसतो. कारणे देत बसू नये. ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’, ‘आज पोट ठीक नाही’ अशा सबबी पुढे केल्या की समोरचा त्यावर तोड काढतो. ‘पुरे, मन भरले’ एवढे हसून म्हटले की पुष्कळदा भागते.

घरातल्या मुलांना पान स्वच्छ करण्याची सवय अवश्य लावावी, परंतु पान वाढण्याचे काम त्यांच्याकडेच द्यावे. आईने वाढलेले सारे संपवायला लावल्याने भूक संपल्यावरही खात राहण्याची सवय लागते. आपल्या हाताने थोडे घेऊन, ते संपवून पुन्हा घेणाऱ्या मुलाला आपल्या पोटाचे माप लवकर कळते.

ज्यांचे माप वाढवायचे असते

बेताने राहणे याचा अर्थ सर्वांनी कमी घेणे असा केला की घरात अन्याय होतो. जी व्यक्ती सर्वांना वाढून शेवटी जेवते, उरलेली पोळी आणि पातेल्याच्या कडेची भाजी यांवर भागवते आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊन कामाला लागते, तिच्यासाठी बेत म्हणजे वाढ होय. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. ज्या घरात वडिलांच्या तेलाचे आणि मुलाच्या साखरेचे माप ठरते, त्या घरात आईच्या वाटीतल्या वरणाचे, पालेभाजीचे आणि उसळीचे मापही त्याच दिवशी ठरले पाहिजे.

यासाठी प्रत्यक्षात दोन बदल करावेत. रात्रीचे जेवण तरी सर्वांनी एकत्र बसून, भांडी मध्ये ठेवून घ्यावे, म्हणजे भाजी संपत आली आहे हे शेवटच्या माणसाला न कळता सर्वांना एकाच वेळी कळते. तसेच पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये, तीळ, हळीव यांसारखे लोह देणारे पदार्थ खाताना वर लिंबू पिळावे, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिज लोह चांगले शोषले जाते. रक्तक्षयाची शंका असेल तर रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात. केवळ लाडूंवर विसंबू नये.

काम आणि विश्रांती यांनाही हेच लागू आहे. सर्वांसाठी धावणाऱ्या माणसाने ‘नाही’ म्हणायला शिकावे असा सल्ला नेहमी दिला जातो. परंतु ‘नाही’ म्हणण्याचा भार त्याच थकलेल्या माणसावर टाकण्यापेक्षा बाकीच्यांनी आपल्या वाट्याचे एकेक काम कायमचे उचलावे हे मला अधिक रास्त वाटते. सकाळचे दूध तापवणे, भांडी लावणे, आजोबांच्या औषधांच्या वेळा पाहणे ही कामे ‘मदत’ म्हणून अधूनमधून केली तर ती करायची आठवण ठेवण्याचे काम पुन्हा तिच्याच डोक्यावर राहते.

पैशाचे माप दुकानात जाण्यापूर्वी ठरवावे

खर्चाच्या बाबतीत ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे सर्वांना पाठ असते, परंतु हप्त्यांच्या सोयीमुळे अंथरूण आहे त्यापेक्षा लांब भासते. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी घरातच, शक्य तर दोघांनी मिळून, एक रक्कम कागदावर लिहावी आणि दुकानात जे आवडेल ते त्या रकमेच्या आत शोधावे. आधी वस्तू पाहून मग रक्कम ठरवली की रक्कम नेहमी वस्तूच्या बाजूने झुकते. हप्ते चालू असतील तर पगार झाल्याच्या दिवशी सर्व हप्त्यांची बेरीज एकदा हाताने करावी. वेगवेगळ्या तारखांना जाणारी रक्कम एकत्र पाहिली जात नाही, हेच हप्त्यांनी बुडणाऱ्या अनेक घरांचे दुखणे असते.

लग्नाच्या खर्चाबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते. संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कीर्तनांतून गावोगाव जे सांगितले, की सणासाठी आणि लग्नासाठी कर्ज काढू नका आणि मुलांना शिकवा, ते आजही तितकेच लागू आहे, कारण लग्नाचा खर्च हा कुटुंबाच्या ऐपतीवर न ठरता आदल्या वर्षी झालेल्या नातेवाइकांच्या लग्नावर ठरतो. पहिल्या बैठकीतच माणसांची संख्या ठरवावी, कारण सभागृह, जेवण, आहेर, वाहने हे सारे खर्च त्या एका आकड्यावर अवलंबून असतात. संख्या मोकळी ठेवून बाकीच्या खर्चात काटकसर करणे म्हणजे पळीने उपसून घागरीने भरण्यासारखे आहे. वर आणि वधू यांनी स्वतः तो आकडा मोठ्यांसमोर मांडला तर मोठ्यांची पुष्कळदा सुटकाच होते. कमी खर्चाचा विषय काढण्याचा संकोच त्यांनाच अधिक असतो.

दुसरे टोक काटकसरीच्या घरांत दिसते. आयुष्यभर पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवलेले आईवडील निवृत्तीनंतरही तोच चिमटा काढत राहतात. चष्म्याचा नंबर वाढलेला असतो, दात दुखत असतात, गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, आणि बँकेत ठेव असूनही ती ‘अडीअडचणीला’ म्हणून राखून ठेवलेली असते. चष्मा, दात, श्रवणयंत्र आणि वर्षातून एकदा संपूर्ण तपासणी यांसाठी त्यांच्याच पैशांतून वेगळी रक्कम काढून, ती त्या वर्षात खर्च झालीच पाहिजे असे ठरवावे. या वयात न केलेला खर्च ही बचत नसते, दुखणे लांबवणे असते.

झोप, चालणे आणि फोन

येथे फार सांगण्यासारखे नाही, कारण काय करावे हे सर्वांना ठाऊक असते. प्रौढ माणसाला रात्री निदान सात तासांची झोप लागते. उठण्याच्या वेळेतून सात तास मागे मोजावेत आणि त्याआधी अर्धा तास फोन झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावा. गजरासाठी स्वतंत्र घड्याळ घ्यावे, म्हणजे फोन उशाशी ठेवण्याचे कारणच उरत नाही. व्यायामासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांची आहे, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस निदान अर्धा तास झपझप चालणे. पाच दिवस खुर्चीत बसून रविवारी एकदम एखादा अवघड किल्ला चढायला जाणाऱ्यांचे मला कौतुक आहे, परंतु त्यांनी आधी दोन महिने रोज चालून पाय तयार करावेत. दमलेल्या पायांनी उतरताना घसरण्याचा धोका वाढतो.

सणाचा दिवस आणि त्यानंतरची सकाळ

सणाच्या दिवशी मापे बाजूला ठेवावीत. होळीला पुरणपोळीवर तुपाची धार धरताना चमचा मोजू नये आणि कोणाला मोजायलाही सांगू नये. वर्षभर बेताने राहायचे ते अशा दिवशी मोकळेपणाने जेवता यावे यासाठीही असते. मात्र सण तिथीपुरता ठेवावा. दिवाळीचा फराळ पूर्वीच्या एकत्र कुटुंबाच्या मापाने केला तर चार माणसांच्या घरात चकल्या आणि शंकरपाळे तुळशीच्या लग्नापर्यंत पुरतात आणि रोज चहाबरोबर खाल्ले जातात. म्हणून प्रत्येक पदार्थ अर्धा किलोच करावा, किंवा शेजारच्या दोन-तीन घरांनी एकेक पदार्थ वाटून घ्यावा.

एखाद्या आठवड्यात माप मोडेल. घरी पाहुणे असतील, प्रवास असेल, आजारपण असेल, किंवा मन ठिकाणावर नसेल. अशा वेळी भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नये, दुप्पट चालू नये आणि महिनाभराचे गोड बंद करण्याची शपथ घेऊ नये, कारण अशा शपथांनीच तोल एका बाजूने सुटून दुसऱ्या बाजूला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी उठावे, चहात नेहमीची साखर घालावी आणि जेवायला नेहमीचीच भाकरी, भाजी आणि वरण करावे.